सातव्या नंबरचं सामान

रामबागेतल्या मंडळात मी सामान सांभाळायचो.
कंदील, काठी, दोन टेलिफोन, एकाची वायर तुटलेली,
कुमुद खासगीवाल्यांचा खोटा चपलाहार,
आणि यादीत सातवा नंबर :
पाकीट, खाकी, लाखेसकट, नग एक.

दर प्रयोगाला नवं लागायचं,
तिसऱ्या अंकात ते दिव्यावर जळतं म्हणून.
खजुरी बाजारात डझनाच्या भावात घ्यायचो.
लाख घरी स्टोव्हवर पातळ करायचो.
शिक्का नव्हता,
बायकोच्या ट्रंकेची किल्ली उमटवायचो ओल्या लाखेवर.
मागच्या रांगेतून कोणाला दिसतंय?

सगळं नाटक त्या पाकिटाच्या मागे धावतं.
त्याच्यापायी थोरला देवासहून रातोरात येतो,
धाकटी ठरलेलं लग्न मोडते,
वकील जिना चढताना छातीवर हात ठेवतो
आणि एक नाकासमोर चालणारा मास्तर
आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतो.
(मास्तर टेंबे करायचा. मिलची पाळी संपवून
सायकलवर यायचा, कानात सरकीचा कापूस तसाच.)
आत काय आहे, ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

तालमीत मी लेखकालाच विचारलं.
हळबे पानाला चुना लावत होते.
"भिया, मला ठाऊक असतं
तर एका अंकात आटपलं नसतं का?"

पण रिकामं पाकीट धरलं की हात खोटा पडतो.
टेंबे म्हणाला, काहीतरी घाल,
वजन आल्याशिवाय मला खोटं बोलता येत नाही.
मग हाताला लागेल ते घालत गेलो :
गिरणीची चिठ्ठी, लायब्ररीच्या दंडाची पावती,
पोराचं नापासाचं प्रगतिपुस्तक.
ते जळताना पोरगं पहिल्या रांगेत
उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

एकोणतिसाव्या प्रयोगाला मी पत्र घातलं.
माझंच. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं,
वर पत्ता घालून ठेवलेलं, लष्कर, ग्वाल्हेर.
भावाशी बोलणं बंद होतं
आईच्या बांगड्यांवरून,
ज्या त्यानंही पाहिल्या नव्हत्या आणि मीही.
पोस्टात टाकवत नव्हतं, फाडवत नव्हतं.
म्हटलं, जळेल बिचारं, प्रकाशात जळेल.

त्या रात्री दिवा विझला.
काडेपेटी माझ्या खिशात, मी विंगेत,
मध्ये आठ पावलं आणि साडेचारशे माणसं.
टेंबेनं पाकीट उलटंपालटं केलं
आणि नाटकात नाही ते केलं.
किल्लीचा ठसा मोडला.
वाचलं.
दोन्ही बाजू, सावकाश, मिलच्या माणसाच्या बोटांनी
एकेक ओळ धरत.
कोणीतरी खोकलं नि खोकताना लाजलं.
मग घडी घालून आतल्या खिशात ठेवली
आणि आपलं वाक्य म्हणाला :
"आता कोणाकडे काही मागायचं नाही."

इतक्या टाळ्या आम्हाला कधी मिळाल्या नव्हत्या.
हळबे आत आले, डोळे पुसत,
हेच ठेवू या म्हणाले, जाळायचं काय त्यात.

टेंबे काही बोलला नाही, मीही नाही.
सायकलची हवा तपासून तो गेला.
पुढच्या रविवारी सामानाची पेटी उघडली
तर तुटक्या टेलिफोनच्या रिसीव्हरखाली
पोस्टाची पावती होती.
रजिस्टर. लष्कर, ग्वाल्हेर.

मी लाख पातळ केली.
पाकिटात ती पावती घातली, एवढीशी, नखाएवढं वजन तिचं,
आणि किल्ली दाबून धरली, लाख गार होईपर्यंत.

तिसऱ्या अंकात त्यानं पाकीट उघडलं.
पाहिलं.
आणि तीस प्रयोगांत पहिल्यांदा टेंबे वाक्य विसरला.
कुमुदताई पदर चाळवत राहिल्या.
शेवटी विंगेतून मीच सांगितलं, हळू,
माझा आवाज मलाच ओळखू येईना :
आता कोणाकडे काही मागायचं नाही.